०.१८ चं पुल-स्टार्ट नायट्रो इंजिन: नाशिकच्या हवेत रन-इन आणि ट्यूनिंगसकट परीक्षण

वन-टेन मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या) तयार रिमोट कंट्रोल नायट्रो ट्रकमध्ये किंवा बगीत जे ०.१८ वर्गाचं पुल-स्टार्ट इंजिन बसवून येतं, त्याचं हे परीक्षण आहे. डब्यावरचं नाव वेगवेगळं असतं, पण आत बहुतेक वेळा एकाच घराण्याचं चिनी इंजिन निघतं: स्लाइड कार्ब्युरेटर, इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या दोन नीडल, ॲल्युमिनियमचं हेड, मागे दोरीचं स्टार्टर. ०.१८ म्हणजे घन इंचात मोजलेली क्षमता, आपल्या भाषेत जवळपास ३ सीसी. पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण दोरीनं घालवला, अर्धा एअर फिल्टरनं आणि उरलेला अर्धा डब्यातल्या माहितीपत्रकानं.

माहितीपत्रकाला गुण कापायचं कारण आधी सांगतो, कारण निम्मी इंजिनं त्याच्यामुळे मरतात. त्यात लिहिलेलं असतं की पहिल्या दोन-तीन टाक्या इंजिन भरपूर रिच (म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त) ठेवून जागेवर आयडलला चालवा. आपल्याकडेही नवी मोटरसायकल पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या आत चालवायची शिकवण घरोघरी आहे, त्यामुळे हे वाचणाऱ्याला लगेच पटतं. पण या इंजिनाचा जीव निराळा आहे.

यात पिस्टनला रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह, अशी ही एबीसी जोडी. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, म्हणून थंड इंजिनात पिस्टन वर गेला की अडकल्यासारखा होतो. याला पिंच म्हणतात. नव्या इंजिनात फ्लायव्हील अंगठ्यानं फिरवलं तर एका जागी ते घट्ट होतं आणि कधी कधी ‘कट्’ असा बारीक आवाज करून पुढे सुटतं. तो दोष नाही, नव्या इंजिनाची ओळख आहे. इंजिन गरम झालं की स्लीव्ह पसरते, वरचा निमुळतेपणा सैल होतो आणि पिस्टनला हवी तेवढी जागा मिळते. म्हणजे मापं जुळतात ती गरम असताना. हेड ६० अंशांवर ठेवून तासभर आयडलला चालवलं, तर तो तासभर पिस्टन घट्ट जागेतून रेटला जातो. पिंच घासून जातो आणि प्रत्येक फेऱ्याला कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. त्यामुळे रन-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन चालवून बसवताना, जपायचं असतं ते तापमान. हेड ९० ते १०० अंशांच्या आसपास हवं आणि रेस थोडी-थोडी.

म्हणून इंजिनाच्या आधी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यात कुठल्याही मेंटेनन्सवाल्याकडे तो असतो, उसना मिळाला तरी चालेल. नेम हेडच्या पंखांवर धरू नका. चकचकीत ॲल्युमिनियमवर आकडा कमी दाखवतो. वरून थेट ग्लो प्लगच्या (तापलेल्या तारेनं इंधन पेटवणारा प्लग) खड्ड्यात, जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन मोजा. आणि व्हिडिओत सांगितलेले आकडे फॅरेनहाइटमध्ये असतात हे लक्षात ठेवा: २२० म्हणजे १०४ सेल्सिअस, २५० म्हणजे १२१, २७० म्हणजे १३२.

सुरू करण्याआधी

डब्यातून काढून सरळ दोरी ओढणं ही पहिली चूक. या इंजिनाची जुळणी कामचलाऊ असते. मागच्या प्लेटचे चार ॲलन स्क्रू तिरके-तिरके, समोरासमोरच्या जोडीनं आवळून घ्या. हेडचे स्क्रूही तसेच. कार्ब्युरेटर क्रँककेसच्या तोंडात जिथे बसतो तिथली ओ-रिंग तपासा, कार्ब्युरेटर खाली दाबून मगच त्याचा आडवा बोल्ट कसा. मागची प्लेट आणि कार्ब्युरेटरच्या मानेला उष्णता सोसणारं आरटीव्ही सिलिकॉन अगदी पातळ बोट फिरवून लावलं तर पुढचे निम्मे त्रास वाचतात. रविवार कारंजावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मोटारीच्या पॅकिंगसाठी मिळतं तेच. लावल्यावर रात्रभर सुकू द्या.

हे इतकं का, तर हवेची गळती असलेलं इंजिन ट्यून होतच नाही. आयडल कधी आपोआप चढतं, कधी पडतं, नीडल फिरवून फिरवून माणूस दमतो आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला देतो. इंधनाच्या नळीला टाचणीएवढं भोक असेल, टाकीच्या झाकणाची ओ-रिंग चेपली असेल किंवा सायलेन्सरमधून टाकीला जाणारी प्रेशरची नळी सुटली असेल, तरी लक्षणं हुबेहूब तीच. टाकी तपासायची सोपी रीत आहे: एक नळी बोटानं बंद करा, दुसरीतून फुंका आणि टाकी पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की जागा सापडली. नंतर टाकी पूर्ण कोरडी करायला विसरू नका.

एअर फिल्टरचा फोम कोरडाच येतो. नाशिकच्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि कोरड्या फोममधून ती सरळ आत जाते. फिल्टर ऑइल फोममध्ये मुरवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चुरगाळा म्हणजे रंग सगळीकडे सारखा येतो, मग पिळून बसवा. फिल्टर जिथे कार्ब्युरेटरवर चढतो तिथे झिप-टाय घट्ट बांधा. मूळ फिल्टर एकाच थराचा असतो. दोन थरांचा मिळाला तर पहिली खरेदी तीच करा. धूळ गेलेल्या स्लीव्हवर उभे ओरखडे येतात आणि ते पुन्हा बोअर करून निघत नाहीत. क्रोमचा थर गेला की स्लीव्ह-पिस्टनची जोडीच बदलावी लागते, अंबडचा कितीही हुशार टर्नर त्यात काही करू शकत नाही.

क्लच बेल (इंजिनाकडचा गिअर) आणि स्पर गिअरच्या (चाकांकडे ताकद नेणारा) दातांत वहीच्या कागदाची पट्टी घालून अंतर बसवा. पट्टी चुरगळून बाहेर आली पण फाटली नाही, की मेश बरोबर.

इंधन

नायट्रोमिथेन १६ ते २० टक्के आणि रिमोट कंट्रोल मोटारीसाठी बनवलेलं इंधन घ्या. उरलेलं मिथेनॉल आणि तेल. तेलात थोडं एरंडेल असलेलं चांगलं, कारण मिश्रण लीन होऊन (इंधन कमी, हवा जास्त) इंजिन तापलं तर एरंडेल शेवटपर्यंत टिकतं. मॉडेल विमानाच्या इंजिनाचं इंधन स्वस्त मिळतंय म्हणून आणू नका. त्यातलं तेल आणि नायट्रोचं प्रमाण वेगळं असतं, आणि नीडलचे सगळे आकडे बिघडतात. हे ज्वलनशील असल्यानं विमानाच्या कुरिअरनं येत नाही. नाशिकला ते रस्त्यानंच पोहोचतं, त्यामुळे शेवटची टाकी भरताना पुढची बाटली मागवलेली असावी.

मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. भर उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे गरम इंजिनावर इंधन सांडलं तर काही पेटलेलं दिसत नाही म्हणून हात घालू नका. घरी मिथेनॉल आणून मिश्रण करण्याचे उद्योग करू नयेत, इतकंच.

हिशेब असा: टाकी ७५ सीसीची. रन-इन आणि पहिलं ट्यूनिंग मिळून आठ टाक्या, म्हणजे ६०० सीसी. एका लिटरमधून खेळायला उरतात पाच टाक्या. दुकानदार गाडीसोबत एक बाटली देतो आणि ती महिनाभर पुरेल म्हणतो. तसं होत नाही.

रन-इन: टाकीगणिक

जागा सपाट, कडक आणि मोकळी हवी. गोल्फ क्लब मैदान सकाळी चालणाऱ्यांचं आहे, तिथे हा आवाज नको. औद्योगिक वसाहतीतला रिकामा डांबरी प्लॉट सुट्टीच्या दिवशी, परवानगी घेऊन, सगळ्यात बरा. गवतावर रन-इन करू नका. चाकं ओढ धरतात आणि इंजिनावर नको तो भार येतो.

आधी हेअर ड्रायरनं हेड तापवा. पाच-सात मिनिटांत ६० अंश येतात, हीट गन असेल तर ८० पर्यंत न्या. डिसेंबर-जानेवारीत हा टप्पा टाळता येणारच नाही. निफाडचा गारठा राज्यभर माहीत आहे, आणि नाशिकची सकाळही त्याच्या फार मागे नसते. त्या दिवसांत हेडच्या पंखांभोवती स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि समोरून थोडी फट ठेवा. एरवी हेड ७५ च्या वर चढतच नाही.

हायस्पीड नीडल (पूर्ण वेगातलं इंधन ठरवणारी) हलक्या हातानं पूर्ण बंद करा, बसल्यासारखी वाटली की थांबा. दाबून आवळली तर टोक चेपतं. मग माहितीपत्रकात दिलेले फेरे उघडा. या वर्गात ते साधारण अडीच ते साडेतीन असतात. लोस्पीड नीडल (कमी रेसमधलं इंधन ठरवणारी) कारखान्यानं बसवलेली असते, तिला आत्ता हात लावू नका. आयडल स्क्रूनं स्लाइडची फट एक मिलिमीटरच्या आत ठेवा.

ग्लो प्लग इग्नायटर (प्लगची तार तापवणारी छोटी बॅटरी) पूर्ण चार्ज हवा. प्लग बाहेर काढून इग्नायटरला लावून पाहा: तार पूर्ण नारिंगी, तेजस्वी दिसली पाहिजे. मंद लाल असेल तर दोरी ओढून हात दुखतील, इंजिन सुरू होणार नाही. आता सायलेन्सरचं तोंड बोटानं क्षणभर झाका आणि दोरी हळू ओढा. नळीतून इंधन कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचलं की बोट काढा.

दोरी एका वेळी फूटभर, फार तर सव्वा फूट. पूर्ण ताणली की आतली स्प्रिंग किंवा गाठ जाते आणि पार्ट शोधत बसावं लागतं. नवं इंजिन पिंचमुळे इतकं कडक असतं की दोरी अडते. अशा वेळी ग्लो प्लग अर्धा फेरा सैल करा. थोडी हवा निसटते, दोरी फिरते, इंजिन पेटलं की लगेच चार तोंडी पान्यानं प्लग कसा. दोरी अचानक दगडासारखी अडली तर सिलेंडरमध्ये इंधन साचलंय. जोर लावाल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढा, गाडी उलटी करा, चेहरा बाजूला ठेवून चार-पाचदा दोरी ओढा, साचलेलं फवाऱ्यासारखं बाहेर येतं.

पहिल्या दोन टाक्या: सुरू झाल्यावर दोन मिनिटं आयडल, मग लगेच गाडी जमिनीवर. पाव थ्रॉटलनं मोठे लंबगोल मारा, रेस चढवा आणि सोडा. दर दोन मिनिटांनी तापमान बघा. ८५ ते ९५ हवं. खाली असेल तर फॉइल वाढवा किंवा हायस्पीड नीडल एक ‘तास’ बंद करा. नीडलचा फेरा घड्याळाच्या तबकडीसारखा मोजायचा, एक तास म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग. याहून मोठी पावलं टाकली की कुठे होतो तेच हरवतं. टाकीत पाव भाग उरला की थांबा. टाकी संपत आली की मिश्रण लीन होतं आणि इंजिन क्षणभर किंचाळतं. नव्या पिस्टनला ते फार महाग पडतं.

बंद करताना इंधनाची नळी चिमटीत धरा. आणि हे बहुतेकजण विसरतात: इंजिन गरम असतानाच फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा. पिस्टन वर अडकलेला असताना स्लीव्ह गार झाली तर ती त्याच्यावर आवळते आणि पिंच तिथेच संपतो. पिस्टन खाली असतो ती जागा फ्लायव्हीलवर मार्करनं खूण करून ठेवली की दरवेळी अंदाज करावा लागत नाही. मग पंधरा-वीस मिनिटं, हेडला हात लावता येईपर्यंत थांबा.

तिसरी-चौथी टाकी: अर्ध्या थ्रॉटलपर्यंत दोन-दोन सेकंदांचे झटके, मधे पूर्ण सोडायचं. ९५ ते १०५ अंश. पाचवी-सहावी: पूर्ण थ्रॉटल, पण दोन-तीन सेकंदच. प्रत्येक टाकीत हायस्पीड नीडल एखादा तास आत. धूर मात्र दिसत राहिला पाहिजे.

ट्यूनिंग

सातव्या टाकीपासून. इंजिन पूर्ण तापल्याशिवाय नीडलला हात लावू नका, आणि सुरुवात नेहमी हायस्पीडपासून करा. गाडी सरळ पूर्ण थ्रॉटलनं सोडा. दाट धूर, घोगरा आवाज आणि वेग चढायला जड, म्हणजे रिच. एक तास बंद करा, पुन्हा सोडा. आवाज मोकळा होतो, गाडी शेवटपर्यंत ओढते. जिथे पुढे बंद करून वेग वाढत नाही, तिथून एक-दोन तास मागे उघडून ठेवा. धुराची निळसर रेघ मागे दिसलीच पाहिजे. धूर नाहीसा झाला, आवाज बारीक झाला आणि वेगात असताना गाडी एकदम मंदावली, तर थ्रॉटल सोडा. ते लीन आहे.

मग लोस्पीड. आयडलवर असताना नळी कार्ब्युरेटरजवळ चिमटीत धरा आणि मोजा. दोन-तीन सेकंदांत रेस किंचित चढून इंजिन बंद पडलं तर बरोबर. चिमटीत धरताच मेलं तर लीन, पाच सेकंदांच्या वर चाललं आणि रेस बरीच चढली तर रिच. दुसरी खूण: जोरात पळवून थांबवल्यावर रेस लगेच खाली न येता लटकत राहिली, तर लोस्पीड लीन आहे. दहा सेकंद आयडलवर ठेवून थ्रॉटल दिल्यावर धुराचा लोट सोडत अडखळलं, तर रिच. प्रत्येक बदलानंतर एक धाव मारून नळी मोकळी करा, मगच निकाल घ्या. शेवटी आयडल स्क्रू: उभी असताना क्लच धरू नये, चाकं फिरू नयेत.

तापमान १०५ ते १२५ मध्ये यावं, १३० ही मर्यादा. पण आकड्यासाठी ट्यून करू नका. आवाज, धूर आणि प्लग यांचं म्हणणं आधी ऐका. प्लगची तार ओलसर राखाडी असेल तर ठीक. वाकडी, पांढरी किंवा तुटलेली असेल तर लीन चालवलंय.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. मुंबईच्या मित्राचे नीडलचे आकडे इथे रिच पडतात. उलट प्रवास जास्त धोक्याचा: इथे नीट ट्यून केलेली गाडी कसारा घाट उतरून खाली नेली की दाट हवेत ती लीन होते. तिकडे पहिल्यांदा सुरू करण्याआधी हायस्पीड दोन तास उघडा. ऋतूंचंही तसंच. थंडीत हवा दाट, नीडल उघडायची. एप्रिलमध्ये चाळिशीच्या उन्हात हवा विरळ, खरं तर नीडल किंचित बंद लागते. नवखे लोक तापमान चढलेलं पाहून उघडत जातात आणि गाडी अडखळायला लागली की इंजिन बिघडलं म्हणतात. उन्हाळ्यात बॉडीची पुढची काच कापून हेडला वारा द्या, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

काय टिकतं, काय नाही

क्रँककेस आणि रॉड या किमतीला चांगले आहेत. स्लाइड कार्ब्युरेटर एकदा गळती बंद केली की ट्यून धरून ठेवतो. सोबतचा ग्लो प्लग रन-इनपुरता, त्यानंतर बदला. मध्यम उष्णतेचा, ओ.एस. नंबर ८ या इंजिनाला छान जमतो. प्लगखालचं तांब्याचं वॉशर हरवू नका. दोरीच्या स्टार्टरमधलं वन-वे बेअरिंग तेलकट होऊन घसरतं, तेव्हा दोरी फिरते पण इंजिन फिरत नाही. काढून स्पिरिटनं धुतलं की पुन्हा धरतं. क्लच बेलची ५×१०×४ मिमीची बेअरिंगं सगळ्यात आधी जातात, दोन जोड्या घरात ठेवा. ठराविक मापाची असल्यानं बेअरिंगच्या दुकानात मिळतात, ‘नायट्रोची’ म्हणून मागू नका.

थंड इंजिनात फ्लायव्हील वरच्या जागी न अडता गरगर फिरायला लागलं आणि गरम झाल्यावर दोरीला काहीच जोर लागेना, तर पिंच गेला. सांभाळून रन-इन केलेलं आणि धुळीपासून जपलेलं इंजिन त्या दिवसाला बरंच उशिरा पोहोचतं.

दहा वर्षांच्या मुलाला दिवाळीला द्यायचं असेल, तर बॅटरीची गाडी घ्या. यात हात काळे करायची हौस असलेला मोठा माणूस शेजारी हवा.

दिवस संपला की टाकी रिकामी करून नळीतलं इंधन जळू द्या. कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन ऑइलचे चार-पाच थेंब सोडा, दोरी दहा-बारा वेळा ओढा, पिस्टन खाली आणा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि नायट्रोच्या जळलेल्या अंशातून आम्ल तयार होतं. जूनमध्ये तसंच ठेवलेलं इंजिन गणपतीत बाहेर काढाल, तर मागचं बेअरिंग तांबूस झालेलं असेल. इंधनाची बाटली बूच घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा, गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब.